न दुखणारा पाय

मला साखरेचा आजार आहे, हे पायाचं प्रकरण होण्याच्या कितीतरी आधी मला सांगितलेलं होतं. हे अगोदरच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणाला वाटायला नको की या माणसाला कुणी काही बोललंच नाही. डॉक्टर बोलले होते. गोळ्याही दिल्या होत्या. त्यानंतर जे झालं ते इतकं हळूहळू आणि इतकं गुपचूप झालं, की मला ते होताना दिसलं नाही. दुसऱ्या कुणाला वेळेवर दिसावं म्हणून लिहितो आहे.

मी विणकर. नागपुरात आमच्या लोकांची जुनी वस्ती आहे, तिथल्या एका बोळात माझं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत माग. आमचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि तळाशी असलेल्या लाकडी पट्ट्या पायांनी आळीपाळीने दाबतो. त्यांना आम्ही पावड्या म्हणतो. पावडी दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे लावलेले, अर्धे धागे वर उचलतात, त्यांच्या मधून आडव्या सुताचा धोटा फेकायचा. बघणारा माणूस हातांकडे बघतो, पण लुगड्याचं अर्धं काम पाय करतात आणि ते अंधारात करतात. खाली बघावं लागत नाही. कुठली पावडी कुठे आहे हे तळव्याला ठाऊक असतं.

माझी बायको पार्वती कावीळ होऊन गेली. तेव्हा मुलगी कमल लग्न होऊन भिवापूरला गेली होती आणि मुलगा रमेश भिलाईला कारखान्यात लागला होता. त्याला माग नको होता आणि माझंही त्यावर काही म्हणणं नव्हतं. पार्वती असताना ती चरख्याशी बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. ती गेल्यावर मी सकाळी कांड्या भरायचो आणि मग मागावर बसायचो. दिवसभर खोलीत धोट्याचा आवाज असायचा. तो थांबला की घर एकदम मोठं वाटायचं.

*

आजार कळला तो मानेवरच्या गळवामुळे. एक बसलं की दुसरं यायचं. तहानही फार लागायची. पण नागपूरचा उन्हाळा होता, तहान कुणाला लागत नव्हती? मी सरकारी दवाखान्यात गळू दाखवायला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी गळू पाहिलं, जीभ पाहिली, आणि लघवी तपासायला सांगितली. दुपारी परत बोलावलं.

"तुम्हाला मधुमेह आहे," ते म्हणाले. "लघवीत साखर जाते आहे."

"मी गोड खातच नाही साहेब," मी म्हणालो. खरंच खात नव्हतो. आमच्या घरात तिखट जेवण.

ते हसले नाहीत. त्यांनी मला बसवून समजावलं, की गोड खाल्ल्या न खाल्ल्याने हा आजार येत नाही, आणि आला की जात नाही. रोज गोळी घ्यायची, भात कमी करायचा, दर महिन्याला दाखवायला यायचं. "आज तुम्हाला विशेष त्रास नाही," ते म्हणाले, "म्हणून विसरू नका."

मी बाहेर आलो. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर माणूस नव्हता. आपल्याला काहीतरी झालं आहे आणि ते आता कुणाला तरी सांगायचं असतं, असं मला वाटत होतं. घरी आलो, कुलूप काढलं. सांगायला कुणी नव्हतं. शेजारच्या शेवंताकाकूंनी दारातून विचारलं, "काय म्हणाला गा डाक्टर?"

"गळू आहे म्हणाला," मी म्हटलं.

एवढंच बोललो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. मधुमेह हा शब्द आमच्या बोळात गादीवर बसणाऱ्या शेटजींचा होता. मागावर बसणाऱ्या माणसाला तो कसा झाला, हे मला मोठ्याने सांगायची लाज वाटली असावी.

गोळ्या घेतल्या. गळवं बसली. तहान कमी झाली. मग लग्नसराईचं काम आलं, दवाखान्यात जायचा महिना चुकला. गोळ्या संपल्या तेव्हा मला अगदी ठीक वाटत होतं. कुणीतरी कारल्याचा रस सांगितला, तो काही दिवस प्यालो. मग तोही सुटला. पार्वती असती तर तिने रोज विचारलं असतं. एकट्या माणसाला कुणी काही विचारत नाही, आणि न विचारलेली गोष्ट सहज सुटून जाते.

*

पुढची दोन-तीन वर्षं तळपायांना मुंग्या यायच्या. कधी आग व्हायची, इतकी की झोपताना मी पायांवर ओलं फडकं टाकायचो. एका हिवाळ्यात ते थांबलं. मुंग्या गेल्या, आग गेली. मी मनाशी म्हटलं, चला, आजार गेला.

नंतर दवाखान्यात कळलं, की तेव्हा नसा मेल्या होत्या.

ती गोष्ट पायाने मला तशी सांगितली होती. एकदा बाजारातून येताना मागून एका बाईने हाक मारली, "अहो भाऊ, चप्पल राहिली तुमची." मी खाली पाहिलं. एका पायात चप्पल नव्हती. ती कधी निघाली, मला पत्ता नव्हता. मी परत जाऊन ती पायात घातली आणि चपलेचा अंगठा सैल झाला असेल म्हणून मोच्याकडे दिली. त्याने उलटून पालटून पाहिली आणि परत दिली. "चांगली आहे," म्हणाला.

मग मागावर चुका होऊ लागल्या. दाबायची एक पावडी आणि दबायची दुसरी. कापडात बारीक रेघ पडायची. जन्मभर मी खाली न बघता विणत आलो होतो. आता दर थोड्या वेळाने वाकून खड्ड्यात पाहावं लागायचं, की पाय आहे कुठे. ज्या संस्थेला मी माल द्यायचो तिथल्या माणसाने एक लुगडं माझ्यासमोर पसरलं आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "नामदेवराव, हे तुमचंच आहे का?" त्याने विचारलं. तो वाईट बोलला नाही. त्याला खरंच वाटत होतं, की दुसऱ्या कुणाचं माझ्या नावावर आलं असावं.

मी म्हटलं, "डोळे कमी झाले."

*

तो दिवस उन्हाळा संपतानाचा. सकाळी उठलो, चूल पेटवली, बाहेरच्या नळावरून पाणी भरून आणलं. हंडा ठेवला आणि वळलो, तर फरशीवर लाल डाग दिसले. जवळ जाऊन पाहिलं तर पावलं होती. माणसाची पावलं, रक्ताची. आतल्या खोलीतून दारापर्यंत, आणि दारातून पुन्हा आत.

मला वाटलं, मी नळावर असताना कुणी जखमी माणूस घरात शिरला.

"कोण आहे गा?" मी हाक दिली. उत्तर नाही. आतल्या खोलीत पाहिलं. दारामागे पाहिलं. मागाशी जाऊन खड्ड्यात वाकून पाहिलं, तिथे कुणी लपून बसलं असेल तर. कुणी नव्हतं. मी मागे वळलो आणि पाहतो तर जिथून मी आता चालत आलो होतो तिथे नवी पावलं उमटली होती. ओली.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याचं टोक आणि शेजारचं बोट कुरतडलेलं होतं. मागाच्या ताण्याला आम्ही खळ लावतो, भाताची पेज असते ती, तिच्या वासाने घरात उंदीर येतातच. अंथरुणावर जाऊन पाहिलं तर पायथ्याची चादर लाल होती. उंदराने झोपेत माझा पाय खाल्ला होता आणि मला जाग आली नव्हती.

आताही मी जखमेला बोट लावून पाहिलं. काही नाही. दुसऱ्याच्या पायाला हात लावावा तसं.

मी फरशी पुसली. आधी ते केलं. मग पायावर हळद भरून फडकं बांधलं आणि विणायला बसलो. उंदीर पाय खातो आणि माणूस उठत नाही, ही काही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

*

काही दिवस गेले. पाय सुजला, चपलेत जाईना. अंगात बारीक ताप असायचा. मी मागावर कमी आणि अंथरुणावर जास्त असायचो. एका सकाळी शेवंताकाकू दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. पदर नाकाला लावला.

"नामदेव, घरात काही मेलं का गा?"

"उंदीर मेला असंन."

त्या आत आल्या. कोपरे पाहिले, मागाखाली पाहिलं. मग माझ्या अंथरुणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि चादर बाजूला केली.

"हा तुह्या पायाचा वास आहे," त्या म्हणाल्या. "तुले येऊन नाही राहिला?"

मला येत नव्हता. सवय झाली होती.

"दुखते का?"

"नाही काकू. दुखलं असतं तर गेलो असतो ना दवाखान्यात."

त्या बाहेर जाऊन सायकलरिक्षा घेऊन आल्या. त्या वयात त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. वाटभर त्यांनी माझा पाय आपल्या हातांनी वर धरून ठेवला होता, खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून. बसले असते तरी मला कळले नसते, पण मी त्यांना तसं सांगितलं नाही.

*

मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले.

"आता मी टाचणी टोचतो. टोचली की सांगा."

मी वाट पाहत राहिलो. बराच वेळ गेला.

"टोचा ना साहेब," मी म्हटलं.

"उघडा डोळे," ते म्हणाले. दोन्ही पायांवर घोट्याच्या वरपर्यंत बारीक लाल ठिपके होते.

वॉर्डात लांब दोन रांगा होत्या खाटांच्या. माझी खाट खिडकीशी. सकाळी सिस्टर प्रत्येकाच्या लघवीचे थेंब काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून उकळायच्या. साखर नसेल तर निळं ते निळंच राहायचं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फार असेल तर विटेसारखं लाल. मी जन्मभर रंगीत सुताशी काम केलेलं. पहिल्या दिवशी माझी नळी लाल झाली तेव्हा मला वाटलं, हा रंग आपण काठाला वापरतो.

दिवस सगळे सारखे. इंजेक्शन, जखम धुणं, बिनसाखरेचा चहा, मोजकी पोळी, पुन्हा इंजेक्शन. जखम धुताना शेजारचे लोक तोंड फिरवायचे आणि मी जखमेकडे बघत बसायचो. मला काही होत नाही हे पाहून एका म्हाताऱ्याने हात जोडले होते. त्याला वाटलं, मी मोठा धीराचा माणूस आहे.

भेटीची वेळ संध्याकाळची. दार उघडलं की माणसं आत यायची, डबे घेऊन, पोरं घेऊन. सगळ्या खाटांभोवती घोळके व्हायचे. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखं करायचो. शेवंताकाकूंना रोज येणं जमण्यासारखं नव्हतं. भिवापूरला आणि भिलाईला निरोप गेला की नाही हे मी त्यांना विचारलं नव्हतं, आणि द्यायलाही सांगितलं नव्हतं. कमलला नुकतं मूल झालेलं. रमेशला सुट्टी कोण देणार? अशी कारणं माझ्याकडे तयार असायची. पण दाराकडे माझा एक कान असायचाच.

शेजारच्या खाटेवर देवराव नावाचे गृहस्थ होते, काटोलकडचे संत्र्यांचे व्यापारी. त्यांनाही साखर. तिने त्यांचे डोळे नेले होते. उजेड-अंधार कळायचा, बाकी धूसर. सकाळी नळ्या उकळल्या की ते मला विचारायचे, "नामदेवराव, माह्या रंग कोणता आहे गा आज?"

"पिवळा."

"कसा पिवळा? लिंबासारखा का हळदीसारखा?"

"हळदीसारखा."

"मंग सुधरून राहिलो," ते म्हणायचे आणि उशीला टेकायचे.

त्यांच्याकडे रोज माणसं यायची. एका संध्याकाळी त्यांच्या बायकोने, त्या फार बोलायच्या नाहीत, आपलं स्टूल उचललं आणि दोन्ही खाटांच्या मधोमध ठेवलं. मग बसून आम्हा दोघांकडेही बघत, गावाकडचं सांगू लागल्या. बागेला पाणी कसं आहे, कोणाची गाय व्याली. त्या दिवसापासून स्टूल तिथेच असायचं. मी भिंतीकडे वळायचं सोडलं.

*

डॉक्टरांनी सांगितलं, की दोन बोटं काळी पडली आहेत आणि काळेपणा वर चढतो आहे. पावलाचा पुढचा भाग काढावा लागेल.

"आणि नाही काढला तर?"

"तर आठवड्याभरात गुडघ्याबद्दल बोलावं लागेल. त्यानंतर बोलायला तुम्ही असालच असं नाही."

मी म्हटलं, मला जरा वेळ द्या. पावलाशिवाय पावडी कशी दाबायची, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. जीव जाईल हे मला ऐकू आलं, पण ते लांबचं वाटलं. माग जवळचा होता.

दुसऱ्या दिवशी कमल आली. शेवंताकाकूंनी भिवापूरच्या बसमधल्या ओळखीच्या माणसाकडून निरोप धाडला होता. कडेवर तान्हं बाळ, हातात पिशवी, केस विस्कटलेले. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. सिस्टर तेव्हाच पट्टी बदलत होत्या. कमलने पाय पाहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. माझ्या पायाला काय झालं आहे हे मला खरं त्या चेहऱ्यावरून कळलं.

सिस्टर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, किती वर्षापासून आहे साखर?"

मी सांगितलं.

"काहून नाही सांगितलं मले?"

"तुह्या संसार आहे. तिकडं सासू, सासरा. आता हे लेकरू."

"तुमी कोणालेच नाही सांगितलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आई होती तं आई सांगे सगळं. तिच्यामागं मी दर दिवाळीले येतो, तुमी म्हणता, मी बेस आहो. मी घरी जाऊन सगळ्याईले सांगतो, बाबा बेस आहेत." मग ती रडू लागली आणि बाळही रडू लागलं. देवरावांच्या बायकोने उठून बाळ घेतलं आणि त्याला खिडकीशी नेलं.

"डाक्टर पाय कापतो म्हणते," मी म्हटलं.

"मंग कापू द्या."

"माग?"

"मागाले काय चाटाचं आहे बाबा?" ती म्हणाली. "मले बाप पाहिजे."

असं मला कुणी बऱ्याच वर्षांत म्हटलं नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावलं.

*

शस्त्रक्रियेनंतर जाग आली तेव्हा गंमत अशी, की जी बोटं गेली होती ती दुखत होती. इतक्या वर्षांनी. मी डॉक्टरांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, असं होतं, काही दिवसांनी थांबेल. मला ते थांबू नये असं वाटत होतं.

रमेश त्यानंतर आला. एक दिवसाची सुट्टी मिळाली होती. बापलेक आम्ही कधीच फार बोललो नाही. तो स्टुलावर बसून पट्टीकडे बघत होता.

"कळवलं असतं तर..." तो म्हणाला.

"तर?"

मला माझा प्रश्न परत घ्यावासा वाटला. निघताना तो नमस्कारासाठी वाकला. हात पुढे केला आणि मधेच थांबला; कुठे लावावा ते त्याला कळेना. शेवटी त्याने खाटेच्या लोखंडी पट्टीला हात लावला आणि तो कपाळाला लावून भराभर निघून गेला. वॉर्डाच्या दारात त्याने तोंड पुसलं, ते मला दिसलं.

कमल आठवडाभर राहिली. मग सासरहून बोलावणं आलं.

सिस्टरनी मला स्वतःच इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायला शिकवलं, कारण घरी देणारं कुणी नव्हतं. आधी सराव संत्र्यावर करायचा असतो. देवरावांच्या खाटेखाली संत्र्यांची टोपली कायम असायची. आणणाऱ्यांना वाटायचं, काटोलचा माणूस संत्र्याशिवाय राहील कसा. आणि आम्हा दोघांनाही ती भरपूर खायची परवानगी नव्हती. मी एक संत्रं हातात घेतलं, साल चिमटीत धरली आणि सुई घातली. चांगली गेली. देवराव कान देऊन ऐकत होते.

"काय म्हणते माह्या संत्रा?"

"काही म्हणत नाही. गुमान घेऊन राहिला."

ते मोठ्याने हसले, मीही हसलो. वॉर्डातले दोन-चार जण मान वर करून बघू लागले. त्या दवाखान्यात मी तेवढाच हसलो असेन. पुढच्या आठवड्यात त्यांना घरी सोडलं. जाताना त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला. "आता ध्यानात राहीन," म्हणाले. डोळे परत येणार नाहीत हे त्यांना सांगितलेलं होतं.

स्टूल रिकामं राहिलं. मग ते कुणीतरी दुसऱ्या खाटेशी नेलं.

*

घरी आलो. कमल म्हणत होती, भिवापूरला चला. तिचं घर लहान, माणसं जास्त, आणि जावयाच्या घरी इंजेक्शनची भांडी उकळत बसायचं मला नको होतं. मी नाही म्हटलं. ती रागावली, पण मनातून तिचं ओझंही उतरलं असावं. त्यात तिचा दोष नाही.

अर्ध्या पावलाने मागावर बसून पाहिलं. पावडी दबत नव्हती. डाव्या पायानेच दोन्ही दाबायचा प्रयत्न केला. त्यालाही जाण नव्हती, तो सारखा घसरायचा. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, की पुन्हा जखम झाली तर हा पायही जाईल. शेवटी मी माग सोडवला. लाकडं परगावी विणणाऱ्या एका पुतण्याने नेली. उघड्या खड्ड्यात पडेन म्हणून शेवंताकाकूंनी तो बुजवायला त्यांच्या ओळखीच्या माणसाला बोलावलं. तो मातीच्या पाट्या घेऊन आला. मी म्हटलं, थांब जरा. काठावर बसलो, दोन्ही पाय आत सोडले. इथेच माझा बाप बसायचा. तो माणूस दारात विडी ओढत थांबला. काही वेळाने मी पाय वर घेतले आणि त्याला म्हटलं, टाक माती.

आता मी इतर मागवाल्यांसाठी कांड्या भरतो. आमच्यात ते बायकांचं काम समजतात. सुरुवातीला सूत घेऊन येणारे लोक माझ्याकडे न बघता बोलायचे. आता बघतात.

सकाळी उठून सुई-सिरिंज उकळतो. इंजेक्शनची बाटली उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात असते. मांडीवर चिमटी धरतो, टोचतो. मग जमिनीवर आरसा ठेवून त्यावर डावा तळवा धरतो आणि नीट बघतो. कुठे चीर, फोड, काटा. पाय सांगणार नाही, म्हणून आपणच बघायचं. झोपताना पाय जाड कापडात बांधतो. गोळ्या देणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांचे शब्द आता मला समजतात. त्रास नसतो तेव्हाच या आजाराचं काम चालू असतं. ज्याला हे सांगितलं गेलं आहे त्याने निदान एका माणसाला तरी घरी सांगावं. घरी कुणी नसेल तर शेजारी सांगावं. औषध सुटलं तर विचारणारं कुणीतरी लागतं.

*

दर महिन्याला दवाखान्यात जातो. व्हरांड्यात बाकावर बसून नंबराची वाट बघायची. मागच्या खेपेला शेजारी कुहीकडचं एक जोडपं बसलं होतं. माणूस माझ्यापेक्षा लहान, धानाची शेती करणारा, अंगाने धडधाकट. बायकोने ओढून आणलेला दिसत होता.

"मले काही होत नाही," तो तिला सांगत होता. "रोवणं सोडून इथं बसून राहिलो."

"डाक्टरनं बोलावलं आहे ना."

"बोलावते तो. पायाले जराशी भेग आहे, दुखत बी नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. उजव्या पायातला बूट काढला. त्यात पुढे कापडाचा बोळा भरलेला असतो. मोजा काढला आणि पाय बाकावर ठेवला.

त्याने वाकून पाहिलं. "कशानं झालं?"

"असंच," मी म्हटलं. "मलेही दुखलं नाही."

बायकोने माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरी कोण पाहते तुमचा पाय?" तिने विचारलं.

"मीच पाहतो. आरशात."

ती आणखी काही विचारेल असं वाटलं. पण ती बाकावरून उतरली, खाली फरशीवर बसली आणि नवऱ्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. तो ओशाळला. पाय ओढू लागला. "सोड वं, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," ती म्हणाली. पदराने तिने त्याचा तळवा पुसला आणि मान खाली घालून, बोटाबोटामधली चामडी फाकवून, अगदी जवळून बघू लागली. हळूहळू त्याने पाय ओढायचं सोडून दिलं आणि तो समोर भिंतीकडे बघत बसला.

माझा नंबर पुकारला. मी मोजा चढवला, बूट घातला. त्यांच्यावरून पाय जाऊ नये म्हणून वळसा घालून आत गेलो.